दात काढायचे नाहीत

प्रिय भिंगरीच्या आई,

पाकीट बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, सगळी बोटं जागेवर आहेत, नोकरीही आहे अजून. आईला आधी एवढं सांग, नाहीतर पुढचं ऐकायच्या आत ती रडून मोकळी होईल. रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं तुला वाटणारच. फोनवर मी एक वाक्य जुळवेपर्यंत तुझी तीन बोलून होतात. कागदाचं बरं असतं, तो मधेच 'अहो, माझं ऐका आधी' म्हणत नाही. अक्षराकडे बघू नकोस. चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करायची सवय, तिथं ऱ्हस्व-दीर्घ कुणी तपासत नाही.

कालपासून मला डोक्यावरचा भरलेला हंडा कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटतंय. मान इकडून तिकडे हलवून बघितली, हलते. सकाळी मी शिट्टी वाजवत बिजागऱ्या बसवत होतो, तर मुकादम खालच्या मजल्यावरून ओरडला, "वर कुणाचा गळा दाबतोयस रे?" त्याला माझी शिट्टी नवीन. गेले कित्येक दिवस त्यानं माझं नुसतं गुरगुरणं ऐकलंय.

भिंगरीला दातांच्या डॉक्टरांकडे ने, असं मी म्हणालो तेव्हा तू विचारलं होतंस, तुम्हाला हे कुठून सुचलं? तेव्हा सांगायला वेळ नव्हता. आमच्या कंपनीला एका दवाखान्याचे दरवाजे बसवायचं काम मिळालं होतं. लहान मुलांच्या दातांचा दवाखाना. रंगाचा वास जायचा होता, खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं, पण भिंतीवर तक्ते लागले होते. एका तक्त्यावर मुलाचा जबडा आतून दाखवला होता. वर दुधाचे दात, आणि खाली हाडात पक्के दात दाटीवाटीनं उभे, दार उघडायची वाट बघत असल्यासारखे. मी करवत खाली ठेवून बघतच राहिलो. तिथली मदतनीस बाई सामान लावत होती. ती म्हणाली, "काय हो, तुमच्या घरी आहे का कुणी एवढं?" मी म्हणालो, सातवीत आहे. ती म्हणाली, सातवीत? मी म्हणालो, अहो, इयत्ता नाही, सातवं वर्ष. मग तिनं समजावलं. मूल सातच्या आसपास आलं की दुखत असो-नसो, एकदा दाखवून घ्यायचं. पुढचे पक्के दात यायला लागलेले असतात, मागची पहिली दाढ आलेली असते, त्यावरून जबडा कुठल्या अंगाला चाललाय ते कळतं. हाड वाढतं असतं तोवर त्याला वळण लावणं सोपं. बहुतेकांना काही करावंही लागत नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. मला हे कसं पटकन कळलं म्हणून सांगू! चौकट तिरकी असेल तर गिलावा ओला असताना एक पाचर मारली की सरळ होते. गिलावा वाळल्यावर मग भिंत फोडा.

आणि त्याच सुमाराला तू तिचा तो सफरचंद खातानाचा फोटो पाठवला होतास. तू लिहिलं होतंस, बघा कशी दिसतेय. मी बघितलं. खालचे दात वरच्यांच्या पुढे. हनुवटी बाहेर. माझा जबडा, माझ्या पोरीच्या तोंडात. फोटो गोड होता, मी तो सगळ्यांना दाखवलाही, पण रात्री तोच मोठा करकरून बघत बसलो.

आईचं म्हणणं तुला पाठच आहे. दुधाचे दात पडतायत तोवर कसला डॉक्टर, बारा-तेराची होऊ दे, मग बघू. आमच्या घराण्याचा जबडा आहे तो, तुझ्या आजोबांचा होता, तुझा आहे, कुणाचं काय अडलं? जेवायचं अडलं? लग्न अडलं? तू तिच्याशी भांडलीस, आणि वर तिलाच सोबत घेऊन गेलीस. हे तुलाच जमतं. माझं काय अडलं ते मात्र मी तिला कधी सांगितलं नाही. तुलाही नाही. तू विचारलं नाहीस, मीही विषय काढला नाही. लग्न ठरताना तुला सांगितलं होतं ना की मुलाचं शाळेत मन रमलं नाही, पायाला भिंगरी आहे, पण हात चांगला चालतो? ते सगळं खरंच आहे. फक्त त्याच्या आधीचं थोडं राहिलं.

वर्गात मला ड्रॉवर म्हणायचे. गुरुजींच्या टेबलाचा खण होता, फुगलेल्या लाकडाचा, कितीही ढकला, बोटभर बाहेरच राहायचा. एका पोराला ते सुचलं आणि मग काय, सगळ्यांनाच सुचलं. मी वाचायला उभा राहिलो की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "ए, ड्रॉवर बंद कर." येता-जाता पोरं हनुवटीला तळवा लावायची आणि ढकलायची. जोरात नाही, गंमत म्हणून. गुरुजीसुद्धा एकदा हसले. वाईट नव्हते ते, हसू आलं असेल. माझा 'स' थोडा शिट्टीसारखा यायचा, म्हणून मी 'स'चे शब्द गाळून वाचायला लागलो. मग वाचायलाच उभा राहीना. मग जाईनासा झालो. घरी वाटलं, पोराचं लक्ष नाही. मलाही तेच सोयीचं पडलं. गॅरेज झालं, बेकरी झाली, रंगकाम झालं, पाण्याच्या टाक्या धुवायचं झालं. जिथं ओळख वाढून कुणी नाव ठेवायची वेळ आली की आपण तिथून पसार. पुढे पोरगी झाली आणि तीही रांगायच्या आधीच पळायला बघू लागली, तेव्हा आईच म्हणाली, बापाच्या पायातली भिंगरी बाहेर येऊन घरभर फिरतेय. तेच नाव पडलं. हे एक नाव तेवढं मला आवडतं.

तर पहिल्या तपासणीला तुम्ही तिघी गेलात. त्या संध्याकाळी तू मला सगळं सांगितलंस, अगदी छतावर चिकटवलेल्या माशांपासून. खुर्ची वर गेली तेव्हा भिंगरी म्हणाली, अजून वर. डोक्याभोवती फिरणारं ते फोटोचं यंत्र तिला इतकं आवडलं की उतरताना म्हणाली, पुन्हा एकदा. दातांचा साचा घ्यायला तोंडात गुलाबी लगदा भरला तो मात्र आवडला नाही, च्युइंगमसारखा पण बिनसाखरेचा म्हणाली. आणि मग डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून जे सांगितलं ते तू मला शब्दन् शब्द सांगितलंस, कारण मी तुला दोनदा म्हणायला लावलं. हाडात दोष नाही. वरचा एक पक्का दात वाट चुकून खालच्यांच्या मागे अडकलाय, त्यामुळे चावताना तो टोचतो आणि पोरगी जबडा पुढे सरकवून घेते. सवय लागलीय. असंच चालू राहिलं असतं तर हाडही त्याच सवयीनं वाढलं असतं. आत्ता आणलंत ते छान केलंत. एक छोटी काढ-घाल करायची प्लेट देते, तिची स्प्रिंग त्या दाताला पुढे ढकलेल. आणि आईचा चेहरा बघून असेल, बाई मोठ्यानं म्हणाल्या, "काळजी करू नका आजी, हिचे दात काढायचे नाहीत. अजिबात काढायचे नाहीत."

त्या दिवशी मी खोलीतल्या सगळ्यांना चहा पाजला. पाजला म्हणजे केला, साखर त्यांचीच होती.

पण मग रोजचे फोन. इथं माझा फोन तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवतो, मागे सगळ्यांचे कपडे वाळत असतात, त्यातून भिंगरीला कुठला शर्ट कुणाचा ते ओळखायला लावतो. आधी ती ओळखायची आणि हसायची. पुढच्या फटीतून जीभ बाहेर काढून, खिंकाळून हसायची. आता नुसती बसलेली. ओठ घट्ट. शाळा कशी होती? हं. जेवलीस? हं. मी तिला ओल्या सिमेंटवरून चालत गेलेल्या मांजराची गोष्ट सांगितली, चारही पाय कसे झटकत होतं ते करून दाखवलं. माझ्या खोलीतली मोठी माणसं हसून लोळली. भिंगरीचे गाल फुगले, डोळे भरून आले आणि ती उठून पळाली. कॅमेऱ्यासमोर रिकामी उशी. तू म्हणालीस, दमली असेल हो शाळेतून. आईनं मागून म्हटलं, शहाणी व्हायला लागलीय पोरगी, हल्ली दात काढत नाही सारखी.

पण मला वाटलं, मला कळलंय. शाळेत कुणाला तरी सुचलंय. कुणीतरी तिचं नाव ठेवलंय. काय ठेवलं असेल? दरवाजे उचलता उचलता मी दिवसभर नावं शोधत होतो, म्हणजे मला आधीच माहीत असावं. एकाहून एक घाण नावं सुचली. एक दार उलटं बसवलं, दोन बिजागऱ्या चुकीच्या अंगाला. डॉक्टरांकडे वेळेत नेलं, दात सुधारणार, सगळं खरं, पण तोवर पोरगी मिटली तर त्या सरळ दातांचं करायचं काय?

शेवटी मी मुकादमापुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, मला घरी जायचंय. तो म्हणाला, "आलीच का पायाची भिंगरी वर? एवढे दिवस टिकलास म्हणून मी तुझी नजर काढणार होतो." मी म्हणालो, तसं नाही, घरी अडचण आहे. कुणी आजारी? नाही. भांडण? नाही. मग काय? मी म्हणालो, पोरगी हसत नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. म्हणाला, "अर्जात हे कारण लिहू मी? मुलगी हसत नाही, सबब रजा मंजूर व्हावी?" मी म्हणालो, लिहा. त्यालाही लेक आहे, मोठी झालेली. त्यानं खरंच लिहिलं. आणि मग म्हणाला, दवाखान्याची दुसरी खेप होऊ दे, काय म्हणतायत ते ऐक, मग जा, मी अडवत नाही.

ती खेप काल झाली आणि तुझा फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. तू बोलेनास, नुसती फुसफुस. मला वाटलं रडतेयस. मग कळलं की हसू आवरत नाहीये. तू सांगितलंस ते मी आता इतक्या जणांना सांगितलंय की मीच तिथं होतो असं मला वाटायला लागलंय. भिंगरी खुर्चीत. डॉक्टरीणबाईंच्या हातात नवी प्लेट. त्या म्हणाल्या, "घालायच्या आधी एकदा मोठ्ठं हसून दाखव बघू." भिंगरीनं मान हलवली, नाही. दुखतंय का? नाही. भीती वाटते? नाही. मग काय झालं? तर ओठ न उघडता म्हणाली, "मला परवानगी नाही." कुणी नाही दिली? तिनं बोट केलं. डॉक्टरीणबाईंकडेच. "तुम्हीच सांगितलंत ना आजीला. हिचे दात काढायचे नाहीत. अजिबात काढायचे नाहीत."

अगं, बरोबरच आहे की तिचं! आपल्या घरात दात पडतात. हलतात, लोंबतात, सकाळी ब्रश करताना पडतात. काढतात ते फक्त हसताना. 'काय दात काढतेस गं सारखी', 'पाहुण्यांसमोर दात काढू नकोस', हे आईचं जन्मापासून तिच्या कानावर. तिला दुसरा अर्थ ठाऊक असणार कुठून? एवढी शिकलेली डॉक्टर सांगतेय म्हणजे पाळायलाच हवं, म्हणून पोरीनं सगळे दिवस पाळलं. मांजराच्या गोष्टीलासुद्धा! बाई आरसा ट्रेमध्ये ठेवून स्टुलावर बसल्याच, त्यांची मदतनीस भिंतीकडे तोंड करून हलत होती, तू तर काय. आणि वरताण आईची. "अगं भवाने, मी रोज घसा फोडून सांगते दात काढू नकोस तर ऐकत नाहीस, आणि ह्या बाईंचं एकदा म्हटलेलं ऐकलंस!" भिंगरीनं विचारलं, "मग काढू का?" बाई म्हणाल्या, काढ बाई, हवे तेवढे काढ. आणि मग ती जी हसली, म्हणतेस तू, की बाहेर बसलेली पोरं दारात येऊन उभी राहिली.

आणि शाळेचं ऐकून तर मी कपाळाला हात लावला. मी इथं तिच्यासाठी घाण नावं शोधत होतो, आणि तिनं वर्गात पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की मला डॉक्टरांनी हसायला बंदी केलीय. सगळ्या वर्गाला हेवा. मधल्या सुट्टीत पोरं तिला हसवायच्या पैजा लावत होती, वेडीवाकडी तोंडं करत होती, आणि ती हरत नव्हती. कुणी तिला काही म्हणालं नाही गं. कुणीच नाही. मी तुला हे परत परत विचारलं, तू चिडलीस, पण मला ते ऐकायचं होतं.

मी तिथंच, उभ्या रचून ठेवलेल्या दारांना टेकून खाली बसलो. हसत होतो की काय करत होतो, माझं मलाच माहीत नाही. मुकादमानं विचारलं, मी सांगितलं, त्याला ठसका लागला. त्यानं खिशातून माझा अर्ज काढला, त्याच्यावर त्याची भाजी सांडली होती, आणि हातात देऊन म्हणाला, "हा घे. पोरगी हसते, सबब कामावर हजर."

प्लेट हिरवी घेतलीय ना, आत चमकी असलेली? चांगली आहे. मळत नाही. गरम पाण्यानं धुऊ नकोस, प्लास्टिक वाकडं होतं. खाताना काढली की डबीतच ठेवायला लाव, कागदात गुंडाळून ठेवली की आई केरात टाकणार हे ठरलेलं. सुरुवातीला बोबडं बोलेल, तिला हसू नका, म्हणजे ती हसली तर हसा. आणि दात जागेवर आला तरी त्या म्हणतील तेव्हा दाखवायला नेत जा, आई काहीही म्हणो.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. काल सगळं सांगून झाल्यावर तू जाता जाता म्हणालीस की येताना बसमध्ये भिंगरीनं तुला विचारलं, "आई, मग बाबांना कोणत्या डॉक्टरांनी सांगितलंय?" तुला त्याचंही हसू येत होतं. म्हणालीस, द्या आता तुम्हीच उत्तर. मी 'मुकादम बोलावतोय' म्हणालो आणि फोन ठेवला. मुकादम माझ्यासमोर भाकरी मोडत बसला होता. पोरगी जन्मापासून मला बघतेय. हसू आलं की माझा हात तोंडावर जातो, लग्नाच्या फोटोंत ओठ पाकिटासारखे चिकटवलेले, तिला मांडीवर घेतलेल्या फोटोतही तसेच. तिला वाटलं, बाबा पाळतात तर आपल्यालाही जमेल. म्हणून जमलं तिला. हे मला फोनवर बोलता आलं नसतं, माझा 'स'सुद्धा धड निघाला नसता. तिला सांग, बाबांना कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. वर्गातल्या काही पोरांनी सांगितलं होतं, आणि ती पोरं डॉक्टर नव्हती. नाहीतर राहू दे, तू नको सांगूस. रविवारी मी फोन करतो, तिला समोर बसव, तूही बस. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवणार आहे. पहिल्या खेपेला नीट जमणार नाही, तिला म्हणावं, बाबा अजून शिकतोय, जरा सांभाळून घे.

तुझाच,
भिंगरीचा बाबा